वाटूरची झांज

मालनबाईच्या नवऱ्याला सरकारनं पुरस्कार जाहीर केला, तेव्हा तो कशासाठी आहे हे अख्ख्या वाटुरात तिघांनाच ठाऊक होतं. एक तातेराव स्वतः, दुसरी मालनबाई आणि तिसरे कागद वाचून दाखवणारे बद्रीनाथ गुरुजी. सरकारला ठाऊक नव्हतं.

तातेराव साळवे म्हणजे पंचक्रोशीतले बाजेवाले. परतूर-मंठ्याकडचे निम्मे नवरदेव त्यांच्याच ट्रंपेटच्या मागं मागं मांडवात शिरलेले. पण मिलिंद ब्रास बँड काढण्याआधी त्यांचं एक निराळंच आयुष्य होऊन गेलं होतं. पोरवयात ते मामाबरोबर सिकंदराबादला गेले, तिथं पलटणीच्या बँडात फुंकायला शिकले आणि पंचविशीत मुंबईला जाऊन समुद्राकाठच्या एका बड्या हॉटेलात गोव्याच्या वादकांबरोबर जाझ वाजवू लागले. काळा कोट, कडक कॉलर, तोंड दिसेल असे बूट. 'तातेराव' साहेबांच्या जिभेवर चढेना म्हणून तिथं त्यांचं 'टेट' झालं. मग साहेब गेले, दारूबंदी आली, नाचघरं बसली, आणि टेटसाहेब आपली ट्रंपेट उशीच्या अभ्र्यात गुंडाळून वाटूरला परत आले. वर्षभरात मालनबाईशी लग्न झालं. ती वीस वर्षांची, ते चाळिशीला टेकलेले.

मालनबाईला हे सगळं तोंडपाठ होतं, पण जाझ म्हणजे काय ते तिनं कधी ऐकलं नव्हतं. लग्नात लोकांना सिनेमातली गाणी लागतात. एकदा तिनं विचारलं होतं, तर तातेराव म्हणाले, "त्याला सोबतीला माणसं लागतात. एकट्यानं होत न्हाई ते." ती पण पुन्हा विचारायला गेली नाही. एवढं मात्र तिनं पाहिलं होतं, की हा माणूस समोरच्या दातांनी ऊस कधी सोलत नाही. सगळं मागच्या दाढांनी. पासष्टीतही पुढचे आठही दात जागच्या जागी होते. ट्रंपेट फुंकताना ओठांना पुढच्या दातांचा आधार लागतो हे खरं, पण नुसत्या वरातींसाठी ते एवढे कशाला राखून ठेवले होते कोण जाणे.

आधी आलं ते मुंबईहून पास्कलचं पत्र. पास्कल म्हणजे त्या हॉटेलातला पियानोवाला, आता म्हातारा झालेला आणि पुरस्काराच्या समितीवर बसलेला. 'टेट, तुझं नाव मी दिलं आहे, नाही म्हणू नकोस,' असं त्यात होतं. पंधरा दिवसांनी सरकारी लिफाफा आला. गुरुजींनी चष्मा पुसला आणि वाचलं, "ज्येष्ठ झांजवादक श्री. तातेराव भिवा साळवे यांस—"

"काय वादक?" तातेरावांनी विचारलं.

"झांजवादक." गुरुजींनी कागद उजेडाकडं धरला. "छापील हाय, बाबा."

पुढं लिहिलं होतं, की सोहळा जालन्याला होणार, मुंबईहून मंत्री येणार, आणि सत्कारमूर्तींनी एका साथीदारासह सात मिनिटांचं झांजवादनाचं प्रात्यक्षिक सादर करावं.

तातेराव दुसऱ्या दिवशी परतूरला कचेरीत गेले. मालनबाईही गेली, नवऱ्याला कागदाच्या बाबतीत एकटं सोडायचं नाही हा तिचा नेम होता. तिथं अण्णासाहेब नावाचे कारकून होते. त्यांनी दोघांना बाकावर बसवलं आणि अभिमानानं सांगितलं, "वरून आलेल्या कागदात जाझ असं पडलेलं होतं. अक्षरं मागंपुढं झाली आन अनुस्वार राहिला, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. अठरा वर्षं टायपिंग तपासून राह्यलो मी. म्या दुरुस्त करून वर धाडलं, वरून तसंच छापून आलं."

"साहेब, ते बराबर व्हतं," तातेराव म्हणाले. "जाझ म्हणजे अमेरिकेचं संगीत."

अण्णासाहेबांनी त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं. "अमेरिकेचं संगीत वाटूरला कशाला येईल?"

अण्णासाहेबांनी मग त्यांना कलांची छापील यादी दाखवली. शाहिरी होती, भारूड होतं, संबळ, लेझीम, झांज सगळं होतं. "जाझ दाखवा ह्यात, लगेच बदलतो," असं म्हणून त्यांनी चहा मागवला आणि मनापासून अभिनंदन केलं.

परतीच्या गाडीत तातेराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पास्कलला तार करतो. हे काय खरं न्हाई. ज्या वाद्याला हात लावला न्हाई, त्याचा मान कसा घ्यायचा?"

मालनबाईच्या डोक्यात दुसरंच चक्र फिरू लागलं होतं. झांज म्हटलं की वाटुरात एकच नाव होतं, सर्जेराव.

सर्जेराव गावचे मोठे जमीनदार, मारुतीच्या भजनी मंडळाचे पुढारी. चाळीस वर्षं देवळात झांज त्यांच्याच हातात. शिवाय पिठाची गिरणी त्यांची. माणूस तसा वाईट नव्हता. फक्त त्याला कुठं थांबायचं ते आजोबांनी आखून दिलं होतं आणि त्यानं ती रेघ कधी तपासली नव्हती. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात मिलिंद बँड होता. पहाटेपासून वाजवून ओठ सुजलेल्या बँडवाल्यांना जेवायला बसवलं ते गोठ्यामागं, शेणाच्या ढिगाशेजारी, आणि पाणी वरून ओतलं. तातेराव ते विसरले होते, किंवा तसं म्हणत होते. मालनबाई विसरली नव्हती.

"तार करू नका," ती वाटूरचा फाटा आल्यावर म्हणाली.

"का?"

"सरकारनं दिलंय तर असू द्या. आठ-दहा दिवस हायेत. झांज शिकून घ्या."

"कोणाकडून?"

मालनबाई गाडीतून उतरली आणि पदर सावरून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी ती ज्वारीचं गाठोडं घेऊन गिरणीवर गेली. सर्जेराव गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"काय गं मालन, तातेरावानं झांज कधी धरली हातात? आम्ही चाळीस वर्षं बडवून राह्यलो, आम्हाला कोणी विचारलं न्हाई."

"मालक, तेच तर बोलायला आल्ते," मालनबाई आवाज खाली आणून म्हणाली. "ह्यांना काय येत न्हाई. सरकारची गफलत झाली. पण आता मंत्री येनार, गावाचं नाव पुकारनार. एक साथीदार घ्यायचा हाय स्टेजवर. मंठ्याचे बुवा तयार हायेत म्हनतात."

मंठ्याचे बुवा हा सर्जेरावांच्या कपाळातला जुना शूळ होता. सप्ताहात त्यांची आणि यांची झांज एकमेकांवर चढायची. मंठ्याचे बुवा तयार असल्याचं मालनबाईला कोणी सांगितलं नव्हतं. ते तिनं गाठोडं सोडता सोडता ठरवलं होतं.

सर्जेराव खुर्चीत सरळ झाले. "वाटूरच्या सत्काराला मंठ्याची झांज?"

"मी पन तेच म्हनलं. पन शिकवनार कोण ह्यांना?"

"पाठव त्याला. देवळाच्या पारावर बसवतो."

"देवळात आमी येत न्हाई, मालक. छप्पनसालीच सोडलं."

"मंग गिरणीवर येऊ दे."

मालनबाईनं फिरत्या पट्ट्याकडं पाहिलं. "ह्या आवाजात काय कळनार? तुमीच या की आमच्याकडं. सकाळच्या पारी वसरीत सावली असती."

सर्जेरावांनी तिच्याकडं पाहिलं, मग दाराबाहेर पाहिलं. पीठ दळून झालं, मालनबाईनं ते बांधलं, डोक्यावर घेतलं. ती उंबऱ्यापाशी पोचली तेव्हा कुठं सर्जेराव म्हणाले, "मंठ्याच्या बुवाला काही कळवू नको अजून."

सोमवारी सकाळी सर्जेराव आले. कोणी बघू नये म्हणून ओढ्याकडून लांबचा वळसा घेऊन आले, बगलेत पिशवी, पिशवीत झांज. पण झांज काही लपवून वाजवता येत नाही. पहिला ठोका पडला आणि घटकाभरात साऱ्या गावाला कळलं की सर्जेराव बौद्धवाड्यात शिकवणी घेतायत. म्हाताऱ्या सोनूबाईनं तर शेजारच्या ओट्यावर पाट टाकून कायमची बैठकच मांडली.

पहिल्या दिवशी मालनबाईनं चहा पुढं केला तर सर्जेराव म्हणाले, "घेऊन आलोय." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आज उपास हाय." मालनबाईनं मान डोलावली आणि तिसऱ्या दिवशी चहात गवती चहाची पात आणि आलं ठेचून टाकलं. सगळ्या वसरीत वास घुमला. सर्जेराव शिकवायचे थांबले, झांज मांडीवर ठेवली आणि कोणाकडंच न बघता म्हणाले, "घसा कोरडा पडतो बोलून बोलून." कप संपल्यावर त्यांनी अर्धा आणखी मागितला. शेजारच्या ओट्यावर सोनूबाईला ठसका लागला, तो बराच वेळ थांबेना.

शिकवणी मात्र पुढं सरकत नव्हती. धुमाळीचा सरळ ठेका, पोरंसोरं सुद्धा धरतात. आणि तातेरावांचा ठोका नेमका चुकून पडायचा. थोडा मागं, कधी मधेच, कधी ठोका यायचा तिथं काहीच नाही आणि मग एकदम दोन.

"अरे, सम कुठं गेली?" सर्जेराव कळवळून विचारायचे.

"येती की. पाहुण्यावाणी जरा उशिरा येती."

"पाहुणा न्हाई ती, घरधनीण हाय. तिनं जागेवरच पायजे."

"जागेवर असती तर तिची वाट कोण बघनार, सर्जेराव?"

मालनबाई चुलीपाशी बसून ऐकायची. नवरा खरंच चुकतोय की मुद्दाम चुकतोय ते तिला पहिले दोन दिवस कळेना. तिसऱ्या दिवशी कळलं. सर्जेराव पाणी प्यायला थांबले होते आणि नकळत बोटांनी तांब्यावर ठेका धरून बसले होते. तो सरळ नव्हता. तातेरावांसारखाच तिरका, लंगडत नाचल्यासारखा पडत होता. तातेरावांनी चुलीकडं बघून एक डोळा बारीक केला.

पाचव्या दिवशी सर्जेरावांनी विचारलं, "हे असं आडवंतिडवं कोणी शिकवलं तुम्हाला?" या 'तुम्हाला'वर मालनबाईनं मान वर केली. आजवर सर्जेरावांच्या तोंडून तो शब्द या अंगणात पडला नव्हता.

तातेराव म्हणाले, "एक अमेरिकेचा माणूस व्हता मुंबईत. काळा, माझ्याहून काळा. दोन वर्षं त्याच्या शेजारी बसून वाजवलं. काय फुंकायचा तो. एकदा म्हनला, टेट, माझ्या देशात ज्या हॉटेलात मी वाजवतो, तिथं मला मागच्या दारानं नेतात आन जेवन सैपाकघरात देतात. मी म्हनलं, मंग आपन एकाच गावचे." ते हसले. "त्याला वाटलं, मी थट्टा करून राह्यलो. त्याला समजावून सांगता सांगता पहाट झाली."

सर्जेराव कप बोटांत फिरवत राहिले. नजर त्यातल्या चहात. त्यांना गोठ्यामागची पंगत आठवली की नाही, हे मालनबाईला सांगता आलं नसतं. पण त्या दिवशी ते परत जाताना ओढ्याकडं वळले नाहीत. सरळ वेशीतून गेले.

जालन्याला शाळेच्या मैदानावर मांडव होता. खुर्च्या भरल्या, मागं माणसं सायकली धरून उभी राहिली. मंत्र्यांचं भाषण झालं. संतांच्या भूमीत झांजेचा नाद कसा घुमत आला आहे हे त्यांनी पाऊण तास सांगितलं. मग मानपत्र वाचलं गेलं. 'चाळीस वर्षे अखंड झांजसेवा' असं आलं तेव्हा सर्जेरावांनी कानाची पाळी चोळली. त्यातली चाळीस वर्षं त्यांचीच होती. तातेरावांच्या खांद्यावर शाल आली, हातात ताम्रपट आला. मालनबाई बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसली होती. तिच्या हिशोबानं आता सात मिनिटं झांज वाजायची होती. सर्जेराव सांभाळून नेतील आणि तातेराव किनाऱ्या-किनाऱ्यानं चालतील, असं तिघांचं ठरलं होतं.

ठरलं होतं असं तिला वाटत होतं. तातेराव माइकपुढं आले, शाल नीट घडी करून खुर्चीवर ठेवली आणि पिशवीतून उशीचा अभ्रा काढला.

"सायेब," ते मंत्र्यांकडं वळून म्हणाले, "सरकारनं मला झांजेसाठी बोलावलं. पन स्टेजवर माझ्याहून हजार पटीनं चांगले झांजवाले बसलेत. ते हायेत तवर मी झांज वाजवनं म्हनजे सरकारला फशिवल्यावानी होईल. ते वाजवतील. मी नुसती फुंकर घालतो."

सर्जेरावांच्या हातात झांज, समोर हजारभर माणूस, बाजूला मंत्री. पळायला जागा नव्हती. त्यांनी डोळे मिटले आणि धुमाळी सुरू केली, चाळीस वर्षं वाजवली तशी, खणखणीत.

तातेराव चार आवर्तनं नुसते उभे राहिले. मग त्यांनी पिशवीतून आणखी एक वस्तू काढली. ती आपली आमटीची वाटी आहे हे मालनबाईला तिसऱ्या रांगेतूनही ओळखू आलं. दोन दिवस ती सापडत नव्हती. ट्रंपेटच्या तोंडावर ती वाटी झाकत-उघडत त्यांनी पहिला सूर काढला, आणि तो सूर कोणी म्हातारी बाई दारात उभी राहून हाक मारतेय असा आला. पुढच्या रांगेतल्या एका माणसानं मागं वळून पाहिलं.

मग सूर चालू लागला. आधी सरळ, मग वाकडा, मग झांजेच्या दोन ठोक्यांच्या फटीतून अंग चोरून निघाल्यासारखा. दुसऱ्याच मिनिटाला मालनबाईचा हात खुर्चीच्या कडेवर घट्ट झाला. ती चाल तिची होती. तिच्या आईची, सासूबरोबर पहाटे जात्यावर बसून तिनं वर्षानुवर्षं म्हटलेली. गिरणी आल्यावर जातं कोपऱ्यात गेलं आणि ती ओवीही ओठांवरून गेली होती. ती दळायची तेव्हा हा माणूस पलीकडं पाठ करून झोपलेला असायचा. झोपलेला असायचा असं तिला वाटायचं.

तातेरावांनी ती ओवी घेतली, तिला उलटीपालटी केली, मधेच सोडून दिली, लोक विसरतायत तोवर पुन्हा कुठून तरी वर काढली. सर्जेरावांनी डोळे उघडले होते. त्यांचा ठोका आता धुमाळीत राहिला नव्हता. तो मागं रेंगाळत होता, वाट बघायला लावत होता, आणि एका जागी तर त्यांनी मुद्दाम गाळला. तातेरावांनी ट्रंपेट खाली न घेता भुवया उंचावल्या. सर्जेरावांनी जन्मात पहिल्यांदा चूक करून हसल्यासारखं तोंड केलं.

सात मिनिटांची वीस झाली. संपलं तेव्हा तातेरावांनी वाटी पिशवीत टाकली. मग मागच्या सायकलवाल्यांतून कोणीतरी शिट्टी मारली आणि सगळा मांडव उठला.

मंत्री टाळ्या वाजवता वाजवता शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाले, "ही कोणत्या प्रकारची झांज?" अधिकाऱ्यानं मागं उभ्या असलेल्या अण्णासाहेबांकडं पाहिलं. अण्णासाहेबांच्या कपाळावर घाम होता, पण अठरा वर्षांची नोकरी कामी आली. "वाटूर पद्धतीची, साहेब," ते म्हणाले. मंत्र्यांनी मान हलवली आणि सचिवाला ते लिहून घ्यायला सांगितलं.

मग ते सर्जेरावांकडं वळले. "हे आपले शिष्य का?"

मालनबाई स्टेजजवळ आली होती, तिला स्पष्ट ऐकू आलं. सर्जेराव झांजेची दोरी मनगटावरून सोडवत होते. हो म्हणाले असते तर कोणी खोटं म्हणणारं नव्हतं. सगळ्या गावानं त्यांना शिकवायला जाताना पाहिलं होतं.

"तसं न्हाई साहेब," ते म्हणाले. "आठ दिवस ह्यांच्या वसरीत जाऊन बसून राह्यलो. कोण कोणाकडून शिकलं, ते आमचं अजून ठरायचं हाय."

दुपारी तिघं जालन्याच्या स्टँडवर वाटूरच्या गाडीची वाट बघत थांबले. ताम्रपट मालनबाईच्या मांडीवर होता. त्यावर कोरीव अक्षरांत 'झांज' असं लिहिलेलं होतं आणि ते आता कोणाच्या बापाला पुसता येणार नव्हतं. तातेराव पेरू खात होते, समोरच्या दातांनी, बिनधास्त.

"माझ्या आईची ओवी घेतली तुमी," मालनबाई म्हणाली.

"घेतली."

"न विचारता."

"विचारलं असतं तर दिली नसती."

तिनं ताम्रपट मांडीवर सरळ केला. "आन तिसऱ्या ओळीत चुकला तुमी. तिथं आवाज खाली येतो. तुमी वर नेला."

"मी मुद्दाम नेला."

"मंग वाईट नेला. ऐका." आणि भर स्टँडवर, पोत्या-गाठोड्यांमध्ये, मालनबाईनं हलक्या आवाजात ती ओळ म्हणायला सुरुवात केली. तातेरावांनी पेरू बाजूला ठेवला आणि कान तिच्याकडं नेला. तिनं एकदा म्हटली, त्यांनी ओठांनी धरून बघितली, तिनं मान हलवून पुन्हा म्हटली.

तेवढ्यात वाटूरची गाडी फलाटाला लागली आणि झुंबड उडाली. सर्जेराव त्या गर्दीतून पुढं घुसले. खिडकीखाली टाचा उंच करून त्यांनी खांद्यावरचं उपरणं आत टाकलं, मग हातातली पिशवी टाकली, मग काही उरलं नाही म्हणून डोक्यावरचा फेटा उतरवला आणि तिसऱ्या जागेवर फेकला. आत कोणीतरी भांडायला लागलं.

"माणसं हायेत," सर्जेराव उघड्या डोक्यानं खिडकीत तोंड घालून सांगत होते. "येऊन राह्यले. जरा गाणं चालू हाय त्यांचं."